तात्यांच्या मैनेचा पोळा

आमच्या गावात साधं बोलणंही दोन शेतं ओलांडून जायचं. अशा गावात संपततात्या कानात बोलत. पंगतीत "मीठ वाढा" हेसुद्धा ते असं काही सांगत, की वाढणारी बाई आधी मागं वळून बघायची.

गाव येडशी स्टेशनच्या अलीकडं, अंमल निजामाचा. तात्या मात्र बार्शीला, इंग्रजांच्या हद्दीत जाऊन पलटणीत भरती झाले. गावाला वाटलं, गडी आता बंदूक चालवणार. तात्यांच्या हाती आला कासरा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला एक खेचर. बर्माच्या जंगलात दारूगोळा त्याच्या पाठीवरून न्यायचा. खेचर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागतो, म्हणून डॉक्टरांनी सगळ्या खेचरांचा आवाजच काढून टाकला होता. माणसांना हुकूम कुजबुजण्याचा. लढाई संपली, तात्या घरी आले, पण तो हुकूम मागं घ्यायला कुणी आलं नाही.

एकदा वाशीच्या बाजारात त्यांनी वांगीवाल्याला कानात भाव विचारला. त्या बिचाऱ्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही कानातच सांगितला. अशी बराच वेळ घासाघीस चालली. ते दिवस असे, की कुजबुजणारा माणूस निजामाविरुद्धच बोलतोय असं धरलं जायचं. पोलीस जमादारानं येऊन तात्यांचं मानगूट धरलं. "क्या बोल रा रे उसके कान में?"

तात्या त्याच्याही कानाला लागले. "वांगी किडकी हायती, सायेब."

जमादारानं फुकटात उचललेली वांगी मुकाट्यानं पिशवीतून काढून ठेवली.

तर असा हा माणूस कुणाला नडत नव्हता. अडलं ते पोळ्याला. आमच्याकडं ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीचा बैल करून घरात पुजतो. तात्यांनीही मातीचं जनावर केलं, करडाएवढं. कान हे लांब, शिंगांचा पत्ता नाही. अंगावर झूल घालून ते खांद्यावर घेतलं आणि थेट वेशीत, बैलांच्या रांगेत येऊन उभे राहिले. त्यांना ते तोरणाखालून न्यायचं होतं.

"तात्या, शिंगं इसरला व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मानाच्या बैलापाशी पाटील उभे होते. ते मात्र हसले नाहीत. "पोळ्यात गाढव आणता व्हय, तात्या?"

तात्या काहीतरी बोलले, पण कुणाला ऐकू येईना. पाटलांनी हात वर करून हलगी थांबवली.

"गाढव न्हाय, पाटील. खेचर हाय. मैना."

"हितं राबणाऱ्या जनावराचा मान असतो."

"ती लई राबली. म्या तापानं फणफणलो व्हतो. तिच्या शेपटीला धरून डोंगर चढलो. बसू दिलं न्हाय तिनं मला. बसलो असतो तर तिथंच ऱ्हायलो असतो."

हसणारे आता पुढं सरकून ऐकत होते. मला स्वतःला तेव्हा वाटत होतं, की पाटलांनी नाही म्हणू नये. तात्या दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतले नव्हते.

"मंग आता कुठं हाय ती?" पाटलांनी विचारलं.

"तिकडंच. जहाजात माणसांपुरतीच जागा व्हती. कासरा दुसऱ्याच्या हातात दिला अन् आलो."

पाटील आपल्या बैलाच्या वशिंडावर हात फिरवत राहिले. मग खाकरून म्हणाले, "मानाच्या बैलामागं घ्या. पुढं न्हाय हां." हलगी पुन्हा सुरू झाली. पाटलीणबाईंनी मैनेच्याही कपाळाला कुंकू लावलं, आणि तात्या तिला खांद्यावर घेऊन, छाती काढून तोरणाखालून गेले.

दिवेलागणीला आईनं तात्यांसाठी पुरणपोळीचं ताट दिलं. घरात ते एकटेच असत. मी गेलो तर मैना पाटावर, तिच्यापुढं पानावर तात्यांनी स्वतः लाटलेली वेडीवाकडी पोळी, आणि तात्या शेजारी मांडी घालून बसलेले.

"तात्या, तुम्ही जेवलात का?"

"आधी तिला जेवू दे," ते म्हणाले. "लई लांबनं आलीया."

मी आईचं ताटही मैनेपुढंच ठेवलं.