खड्यातला अबोला

एका जंगलात, बाळांनो, सालईच्या झाडाच्या ढोलीत एक खडा होता. झाडाचा रस सुकून झालेला, खडीसाखरेसारखा कोरीव. त्यात इवले इवले कण राहायचे. सगळे रांगेत, खांद्याला खांदा लावून. खड्यात जागा बदलता येत नाही. जिच्या शेजारी जन्म, तिच्याच शेजारी संसार.

गोदाक्काच्या शेजारी मैनावहिनी. दोघींत एका बांगडीचं अंतर. पण संक्रांतीला मैनावहिनीने वाण वाटलं, आणि शेवटची वाटी गोदाक्काला ओलांडून पलीकडच्या काकूंना दिली!

त्या दिवसापासून गोदाक्काने अबोल्याचं व्रत धरलं. "देवा, ती आधी बोलली तरच सोडीन. पण तिला लवकर बुद्धी दे रे बाबा." कारण खरं सांगू? मैनावहिनीशी बोलल्याशिवाय गोदाक्काला दिवस खायला उठायचा.

मैनावहिनीही हट्टी. काकूंना म्हणाली, "सांगा तिला, मी निघून जाईन एक दिवस."

"जाशील कुठे?" काकू म्हणाल्या. "मान वळवायला तरी जागा आहे का?"

एके सकाळी सुतारपक्ष्याने ढोलीला भोक पाडलं. उजेड थेट खड्यावर पडला. खड्याने जन्मात पहिल्यांदा सूर्यनारायण पाहिला! गोदाक्काने भक्तिभावाने हात उचलले. मैनावहिनीनेही उचलले. जोडायला निघालेले हात जोडले गेले खरे, पण आपापले नव्हेत. गोदाक्काचा हात मैनावहिनीच्या हातात घट्ट बसला. सुटेचना.

गोदाक्काने ओठ दाबून धरले. व्रत मोडतंय की काय!

"अगं, सोड ना हात!" मैनावहिनी ओरडली.

"बोललीस! तूच आधी बोललीस!" गोदाक्का आनंदाने किंचाळली. "आणि मी कुठे धरलाय? उजेडाने धरलाय."

तोवर सगळ्या रांगांत जोड्या जुळल्या होत्या. जी ती शेजारणीकडे सरकलेली. खडा आतून ताणला गेला, कुरकुरला, आणि टुणकन उडी मारून थेट खारूताईपुढे पडला. देवच प्रकटला म्हणून खारूताईने आधी नमस्कार केला, मग खड्याला कुंकू लावलं.

आत मैनावहिनी हळूच म्हणाली, "तुझी वाटी मी आधीच बाजूला ठेवलीय गं. चांगल्यातली होती. पण द्यायची तर हात सुटायला हवा."

गोदाक्काने जरा विचार केला.

"मग राहू दे," ती म्हणाली.

तात्पर्य: शेजारणीशी वैर टिकवायचं असेल, तर घरात ऊन येऊ देऊ नये. आणि आलंच, तर नमस्कार मुळीच करू नये.