धन्यांनी वस्तरा उचलला त्या मोहिमेची हकिकत

लिहिणाराने खरे लिहावे आणि वाचणाराने हसू आवरावे, ऐसा करार करून ही हकिकत कागदी घातली आहे, ती ऐसी जे: अकलेचे सागर, मोबाइलवरील चित्रफितींचे अखंड अभ्यासक, विमाकचेरीचे उपव्यवस्थापक, आमचे धनी यांची मर्जी प्लास्टिकच्या रेझरावरून एकाएकी उडाली. मर्दाने आजोबांच्या काळचा उघडा वस्तराच चालवावा, ऐसे मनाने घेतले, आणि मग जुन्या बाजारातून वस्तरा, तो परजण्यास चामड्याचा पट्टा, ब्रश आणि साबणाचे लाकडी वाडगे ऐसा सरंजाम मागवला. तो येईतो प्लास्टिकच्या हत्यारास हात लावणे कमीपणाचे, सबब दाढी माजू दिली. ती ऐसी खरखरीत जाहली की पाच वर्षांच्या कन्येने सकाळचा पापा एकतर्फी बंद केला. जाब विचारता तिने फर्मावले, "बाबा, तू टोचतोस. गुळगुळीत होऊन ये." धनी वरून हसले, आतून पार मोडले.

मग रविवारी सकाळी स्वारी न्हाणीघरात दाखल जाहली. राणीसाहेबांनी दाराबाहेरून हुकूम सोडला की गळा तुमचा, पण टॉवेल माझा. पांढऱ्याला हात लावाल तर खबरदार. प्रथम शस्त्र परजणे. पाते पट्ट्यावर पाठीकडून ओढावे, हे शेंबड्या पोरालाही कळेल; धन्यांनी ते धारेकडून दामटले आणि पट्ट्याचे दोन तुकडे जाहले. शत्रूचा केसही वाकला नव्हता आणि स्वपक्षाचे चामडे धारातीर्थी पडले. मग ऑफिसचा कमरपट्टा आणवून त्यावर हात चालवला, त्याने उरलीसुरली धारही गेली, आणि ऐसे बोथट हत्यार घेऊन धनी आरशासमोर उभे ठाकले. आम्ही भल्याभल्यांच्या अकला पाहिल्या, ऐसी पाहिली नाही.

फेसाचे मोर्चे बांधले आणि पाते उभे धरून ओढले, तो रक्त आले. मग डाव्या गालावर चाल केली, तेथे स्वतःचेच कोपर आरशाच्या आड आले. हनुवटीच्या खिंडीत दोनदा घसरले, आणि गळ्याच्या मुलखाकडे तर पाहण्याचीही छाती जाहली नाही. तुरटी लावता जी आरोळी उठली, ती ऐकून शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. दाराबाहेर कन्येची पावले वाजत होती, म्हणूनच केवळ त्यांनी हत्यार टाकले नाही, एवढे आम्हांस कबूल.

अखेर दार उघडले. तोंडावर जखमांस चिकटवलेल्या कागदाच्या कपट्यांची छावणी पडली होती आणि दाढी जागोजाग तशीच उभी होती. राणीसाहेब हसू दाबत आत गेल्या. कन्येने स्टुलावर चढून मुलूख बोटाने तपासला: "इथे टोचतं. इथे पण टोचतं. ई, इथे रक्त!" धन्यांची मान खाली गेली. तो उजव्या कानाजवळ पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा, कशी कोण जाणे, लोण्यासारखी मऊ सापडली, आणि "इथे नाही टोचत" ऐसा निवाडा देऊन तिने नेमका तेथे पापा दिला. धन्यांचे डोळे भरले. तुरटी झोंबली, ऐसे म्हणाले.

येणेप्रमाणे तिकिटाएवढा मुलूख फत्ते होऊन कायम जाहला, बाकी सर्व गनिमाकडे राहिला. एवढ्याशा जमिनीस विजय म्हणताना आमच्या लेखणीस लाज वाटते. परंतु ऐसा विजय आमच्या वाट्यास कधी आला नाही, हेही खरे.