व्याह्यांच्या माशांचं निदान

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जनावराचं दुखणं ओळखण्यात अख्ख्या कोरेगाव तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही! उभी हयात पशुसंवर्धन खात्यात गेली. म्हैस गोठ्यात, मी अजून रस्त्यावर, आणि तिथूनच सांगतो, हिच्या पोटात तार गेलीय. मालक म्हणतो, "सायेब, आत तर या!" मी म्हणतो, "कशाला? चहा बाहेर आण." रहिमतपुरात कुणालाही विचारा. 'लालासाहेब' एवढं म्हटलं तरी पुरे.

तर अशा माणसाला व्याह्यांनी फोन करून विचारलं, की आमचे मासे का मरतात, तर तो काय म्हणेल? "येतोच!" म्हणेल. मीही तेच म्हणालो, आणि घात झाला.

व्याही म्हणजे हंबीरराव. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पलूसच्या बाजूला कृष्णाकाठी घर आणि घराला लागून ऊस. आमची शिवांजली त्यांच्या विश्वजीतला दिलेली; म्हणजे सुपारी फुटली होती, लग्न व्हायचं होतं. दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलेलं. हंबीररावांच्या बैठकीत काचेची मोठी टाकी, आणि त्यातल्या माशांवर त्यांचा जीव. सगळ्यात थोराड नारिंगी माशाचं नाव 'कर्नल'. हंबीरराव सकाळी आधी त्याला सलाम ठोकतात, मगच चहाला तोंड लावतात.

सुपारी त्यांच्याच बैठकीत फुटली आणि दुसऱ्या दिवशी टाकीतले दोन मासे उलटे झाले. सगळे हळहळले, विषय संपला. पुढं आम्ही मांडवाचं बोलायला गेलो, तर पुन्हा दोन गेले. तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे शालूबाईंनी, निकाल देऊन टाकला.

"नवरीकडची मानसं आली की मासं मरत्यात. पोरीचा पायगुण काय बरा दिसंना!"

हंबीररावांचा फोन आला तो असा. आवाज एकदम खाली. "लालासाहेब, माझा न्हाई हो इस्वास असल्यावर. पन घरातली कमांड हिच्याकडं हाय! तुमी जनावरातलं मानूस. कारन हुडका, न्हाईतर लगीन मोडतंय बगा."

मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. शिवांजली म्हणाली, "पप्पा, तुम्ही माशाला कधी औषध दिलंय?"

"मासा म्हणजे काय गं? पाण्यातलं जनावरच!"

"पप्पा, तुम्ही नाही लक्ष घातलं तर नाही का चालणार?"

आता बापावर एवढा अविश्वास! मी दुर्लक्ष केलं.

आमच्यात रीत अशी, की व्याह्याच्या दारात न सांगता जायचं नाही. आधी फोन, मग पाय. मी फोन केला, दुसऱ्या दिवशी गेलो. टाकीपुढं खुर्ची टाकून तपासणी सुरू केली. मासे वर येऊन तोंड उघडत होते.

"खातात का?"

"खात्यात."

"रवंथ?" हे सवयीनं तोंडातून गेलं. पण लगेच सावरून मी ठणकावलं, "पोटफुगी! खाणं बंद करा!"

संध्याकाळपर्यंत आणखी एक गेला.

"उपाशी मारलं वो माझ्या माशाला!" शालूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी शेवटची एसटी धरली.

पण मी हार मानणारा नव्हे. म्हटलं, जुनं जनावर खचलं असेल तर नवं आणावं! फोन केला, "उद्या येतो, अन् रिकाम्या हातानं येत नाही!" सांगलीला जाऊन चांगले तरणेबांड मासे घेतले. पिशवी मांडीवर धरून एसटीत बसलो, कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं नाही हे नशीब. मासे टाकीत सोडले आणि पोह्याची बशी हातात घेतली. पोहे संपायच्या आत नवे मासे गरगर फिरायला लागले. मी हात धुऊन येईपर्यंत नवे-जुने सगळे पाण्यावर तरंगत होते. आता टाकीत कर्नल एकटा उरला.

शालूबाईंनी पोह्यानंतरचा चहा आणलाच नाही. विहीण चहा विचारत नाही तेव्हा समजावं की सगळं संपलं. दोन दिवसांनी हंबीररावांचा निरोप आला, "गुरवारी दुपारी या. बसून बोलू. सुपारीचं."

त्या रात्री शिवांजली जेवली नाही. रडलीही नाही, नुसती ताटावरून उठली. अख्ख्या तालुक्याच्या म्हशी बऱ्या केल्या आणि पोटच्या पोरीचं लग्न चार माशांपायी मोडायला निघालं!

गुरुवारी मला घरात बसवेना. दुपारी बोलावलं होतं, पण मी सकाळचीच रेल्वे पकडली. किर्लोस्करवाडीला उतरलो, रिक्षा केली आणि ऊन चढायच्या आत व्याह्यांच्या दारात हजर. आयुष्यात पहिल्यांदा न सांगता!

दार अर्धं उघडं होतं. मी ढकललं आणि जागेवरच थांबलो.

आत हंबीरराव उभे होते. पाठीवर उसाच्या रानातला फवारणीचा पंप, नाकाला टॉवेल बांधलेला. सोफ्याच्या मागं, कपाटाच्या खाली, पडद्यांच्या आड फुस्स फुस्स चाललेलं. टाकीवर फौजेतली जाडजूड कांबळ टाकलेली.

"आवं! तुमी दुपारी येनार न्हवं?" म्हणत ते दचकून वळले. हातातली नळी चालूच होती! पंपाचा फवारा सरळ माझ्या तोंडावर!

डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडाला लाळ! शालूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मी चेहरा धुतो आहे, धापा टाकतो आहे, आणि एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. फवारलेलं उसाचं वाडं खाल्लेली म्हैस अशीच लाळ गाळते! अशीच तोंड उघडून धापा टाकते!

"हंबीरराव! हे कधीपासून मारताय?"

"पाव्हनं यायचं आसलं की! दर टायमाला! नदीकाठचं डास लय बेकार. व्याह्याला डास चावला तर काय अब्रू ऱ्हायली घराची? येरिया किलियर पायजे!"

"आणि मासे?"

"कांबळ टाकतो की वर! येक थेंब पान्यात जाऊ देत न्हाई!"

मी कांबळ ओढली. टाकीमागं एक छोटं यंत्र गुरगुरत होतं. त्याची नळी पाण्यात, आणि पाण्यात बुडबुडे.

"हे हवा कुठली ओढतं?"

"कुठली म्हंजे? हितलीच. बैठकीतली."

"आणि तुम्ही औषध कुठं मारताय?"

हंबीररावांनी टॉवेल खाली केला. यंत्राकडं बघितलं, पंपाकडं बघितलं. "आयला!" म्हणाले.

कर्नल कुशीवर पडला होता. कल्ला जेमतेम हलत होता.

"विहीणबाई, पातेलं आणा! मोठ्यातलं मोठं! आणि माठातलं सगळं पाणी!"

पातेलं अंगणात ठेवलं, माठ उपडा केला, कर्नलला ओंजळीनं उचलून त्यात सोडला. यंत्र बाहेर आणलं, नळी धुऊन पातेल्यात टाकली. मग आम्ही तिघं पातेल्याभोवती उकिडवे बसलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी मनातल्या मनात खंडोबाला नवस बोललो, माशासाठी म्हणून नव्हे, पोरीसाठी.

कर्नलनं शेपूट हलवलं. आधी थोडं, मग जोरात. मग सरळ झाला आणि पातेल्याला एक चक्कर मारून आला!

हंबीरराव ताडकन उठले आणि पाठीवर पंप तसाच ठेवून त्यांनी कडक सलाम ठोकला. कर्नलला की मला, ते कळलं नाही. मी दोन्ही समजून घेतलं!

शालूबाईंची खात्री पटायची होती. मी मासा नसलेल्या टाकीत पुन्हा नळी सोडली आणि यंत्राखाली मोगऱ्याची उदबत्ती धरली. थोड्या वेळानं पाण्यातून मोगऱ्याचा वास यायला लागला! त्यांनी वाकून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि नवऱ्याकडं असं बघितलं की सुभेदार दोन पावलं मागं सरले.

मी छाती पुढं काढली. "मग, विहीणबाई? पायगुण पोरीचा होता का?"

"न्हाई वो! पोरगी लक्ष्मी हाय माजी! म्या उगाच बोल लावला तिला. आजच तिला साडी घिऊन येते."

"बघा!"

"पन पाव्हनं," त्या गालावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यांनी औषध मारलं ते कवा? पाव्हनं येनार म्हनून. पाव्हनं कोन? तुमी! सारखं फोन करून आलं कोन? तुमी! म्हंजे पायगुण तुमचाच वंगाळ की!"

मी हंबीररावांकडं पाहिलं, ते आभाळाकडं बघत होते. निदान माझंच होतं, आणि त्यात तसूभरही चूक नव्हती!

लग्न दणक्यात झालं. शिवांजली सुखात आहे, टाकीत नवे मासे आहेत आणि कर्नल त्यांच्यावर हुकूम गाजवतो आहे. फक्त मी दारात दिसलो, की शालूबाई आधी टाकीपुढं आडव्या उभ्या राहतात, आणि मग मला "या" म्हणतात.