मागच्या सीटवरचं वजन

ओइवाच्या गाडीचा सगळा जोर मागच्या चाकांवर होता. फिनलंडमधल्या कुओपियो गावातल्या त्या इमारतीत ही बाब पहिला बर्फ पडेपर्यंत खासगी होती. नंतर ती सार्वजनिक हिताची झाली.

चूक ओइवाचीच. इमारतीच्या सामायिक सॉनामध्ये घाम गाळत बसलेला असताना त्याने सहज विचारलं, "हिवाळ्याला कुठले टायर घ्यावेत?" त्याची बायको गेली तेव्हा याच शेजाऱ्यांनी लिफ्टमध्ये मान हलवून दुःख व्यक्त केलं होतं आणि तेवढ्यानेच त्यांची बरीच दगदग झाली होती. आज मात्र सगळ्यांना वाचा फुटली. निम्मे म्हणाले, खिळ्यांचे घे, ते बर्फात रुततात, नाहीतर तळ्यात जाशील. उरलेले म्हणाले, खिळे अडाण्यांनी वापरावेत. सॉनातले तापलेले दगड थंड झाले तरी कोणी उठेना.

ओइवाला खरं तर एवढंच हवं होतं की टेकडीपलीकडे हिल्काच्या घरी धड पोचावं. चर्चच्या गायकवृंदात ती त्याच्या शेजारी उभी राहायची. नाताळाआधीच्या रविवारी तिने त्याला तांदळाच्या खिरीला बोलावलं होतं, आणि त्या दिवशी तिला लग्नाचं विचारायचं त्याने ठरवलं होतं. तिकडे रविवारी बस जात नाही. त्याने खिळ्यांचे टायर घेतले.

लगेच इमारतीच्या समितीची सभा भरली. गॅरेजच्या जमिनीला नुकताच रंग दिला होता. अध्यक्ष उर्पो यांनी ठराव वाचला: "सदर टायर जमिनीस अपायकारक असल्याने संबंधित रहिवाशाने आपले टायर अथवा आपला पत्ता बदलावा." भाषा सौम्य ठेवल्याबद्दल उर्पोचं अभिनंदन झालं.

ओइवाने बिनखिळ्यांचे टायर बसवले. दुसऱ्याच सकाळी गॅरेजच्या चढावर गाडीचं बूड फिरलं आणि ती दारात आडवी झाली. सगळी इमारत कामाला उशिरा पोचली. पुन्हा सभा. मागची चाकं घसरू नयेत म्हणून अशा गाडीने मागे पुरेसं वजन बाळगणे बंधनकारक, असं ठरलं. ओइवाने डिकीत वाळूची पोती टाकली. तेव्हा लक्षात आलं, की आगीच्या नियमानुसार गॅरेजमधल्या गाडीत माल साठवता येत नाही. पोती रोज संध्याकाळी वर न्यावी लागतील, आणि लिफ्ट तर फक्त माणसांसाठी आहे.

"मग मागे माणूसच बसवू का?" ओइवा वैतागून म्हणाला.

त्या सभेत उपरोधाला जागा नव्हती. उर्पोने बराच वेळ विचार केला. "माणसाला कुठल्याच नियमात मनाई नाही," तो म्हणाला. ठराव एकमताने मंजूर झाला. वजन कोण होणार, यावर सगळे खिडकीबाहेर बघू लागले, तेव्हा अध्यक्षांनी जबाबदारी स्वीकारली.

रविवारी उर्पो काळा सूट घालून मागच्या सीटच्या बरोबर मध्यभागी बसला. गाडी टेकडी अशी चढली की ओइवाला त्याच्याबद्दल माया वाटली. वाटभर ओइवा मनात आपलं वाक्य घोकत होता आणि उर्पो त्याला वळणावर ब्रेक मारू नकोस म्हणून सांगत होता.

हिल्काच्या दारात ओइवा एकटाच उतरला. तिने गाडीकडे पाहिलं.

"अहो, त्यांना असं थंडीत ठेवणार? ते काय सामान आहे?"

"हो," ओइवा म्हणाला. तो खरं बोलत होता.

ती खळखळून हसली आणि उर्पोला आत घेऊन आली. खिरीतला एकुलता एक बदाम उर्पोच्या वाटीत निघाला. ज्याला बदाम मिळतो त्याचं वर्षभरात लग्न होतं म्हणतात. उर्पो लाजला. मग हिल्का म्हणाली, "माझ्या गाडीला कुठले टायर घ्यावेत, काही कळतच नाही बाई. नवरा गेल्यापासून या विषयावर माझ्याशी कोणी बोललंच नाही."

ओइवाकडे एकच वाक्य होतं. उर्पोला तर टायरच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल तोंडपाठ होते. तो अंधार पडेपर्यंत बोलला, आणि हिल्काने मध्येच उठून त्याच्या पाठीशी उशी ठेवली. ओइवाला फार वाईट वाटलं. उठून निघून जावं असंही वाटलं, पण वजनाशिवाय गाडी काढायची परवानगी नव्हती.

आता दर रविवारी हिल्काही गाडीत असते, उर्पोच्या शेजारी. दोघांच्या वजनाने गाडी जराही घसरत नाही. समितीने समाधान नोंदवून विषय बंद केला आहे. शेजारी लिफ्टमध्ये ओइवाला विचारतात, टायर कसे आहेत? तो म्हणतो, उत्तम.

तुम्हीही हे वाचता वाचता मनाशी ठरवलं असेलच, की त्याने कुठले टायर घ्यायला हवे होते. सांगून टाका. एवढ्या जणांचं ऐकलं, त्यात तुमचं एक. फक्त टायरपलीकडचं काही विचारू नका. मागे ती दोघं बसलेली असतात.