इनामलच पायजे

हिराकाकी भांडं विकत घेताना त्याला मिठी मारतात. दुकानात, सगळ्यांदेखत. पातेलं समोर आलं की पदर खोचायचा, दोन्ही हात त्याच्याभोवती टाकायचे, गाल काठाला लावायचा आणि डोळे मिटायचे. पलीकडे बोटांना बोटं लागली, तर भांडं नापास. "ल्हान हाय," म्हणत त्या ते परत सरकवतात. दुकानदाराला वाटतं, बाई माप घेतायत. मलाही तसंच वाटायचं.

हिराकाकी आमच्या माजिवड्याच्या इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहतात. खरं तर इमारतच त्यांच्या जमिनीवर उभी आहे. आमचं पार्किंग आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. कोणी गाडी वाकडी लावली की त्या अजूनही खिडकीतून ओरडतात, "माज्या शेतात कोनी गारी घातली रे?"

गळ्यात ठसठशीत सोनं, घरात चार बर्नरची शेगडी. तरी मोठा स्वयंपाक मागच्या अंगणात, विटांच्या चुलीवर. थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात पन्ह्यासाठी कैऱ्या आणि आमरसाच्या बाटल्या. बाटल्या रसाने भरायच्या, तळाशी फडकं घातलेल्या पाण्यात उभ्या करून उकळायच्या, झाकणं घट्ट करायची. वर्षभर टिकतात, असं काकी सांगतात. पण बाटल्या इमारतभर वाटल्या जातात आणि पावसाळ्याआधीच संपतात, त्यामुळे खात्री करता आलेली नाही. हे सगळं होतं एकाच अवाढव्य पातेल्यात. पांढरं, निळ्या काठाचं, एनॅमलचं. काकींच्या भाषेत, इनामलचं.

मी नोकरीसाठी इथे भाड्याने राहायला आले तेव्हा सहा महिने फक्त वॉचमनला ओळखत होते. येता-जाता कानात इअरफोन असायचे. गाणी बंद असली तरी. एका रविवारी मागच्या अंगणातून जाताना आवाज आला, "ए पोरी, कान धर!"

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. माझ्या इंग्रजी शाळेत मराठीच्या बाई एवढ्या एकाच कारणासाठी हे वाक्य म्हणायच्या. मी इअरफोन काढले आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरून उभी राहिले.

काकी आधी बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "तुजं नाय गो बाय, पातेल्याचं!"

पातेल्याच्या कड्यांना कान म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक कान त्यांनी धरला, एक मी, आणि आम्ही उकळत्या कैऱ्या चुलीवरून उतरवल्या. तेव्हापासून माझं नाव 'इंग्लिश'.

उतरवून झाल्यावर मी निघाले, तर म्हणाल्या, "बस हितं. गरम इनामलला घाई चालत नाय. गार पानी मारलं का टवका उरतो. निवंपर्यंत थांबायचं."

माझ्या थांबण्याचा आणि टवका उडण्याचा काय संबंध, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी पायरीवर बसले. पातेलं निवलं तोवर काकींनी माझं गाव, माझा पगार, आईची गुडघेदुखी आणि मी वांगं का खात नाही, एवढं सगळं काढून घेतलं होतं.

पुढे मी दर वेळी जायला लागले. पातेल्याला हात लावायला कोणी ना कोणी यायचं आणि मग निवेपर्यंत बसायचं. त्या पायरीवर मला अख्खी इमारत भेटली. त्या पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा वेगवेगळ्या तीन घरांतून तीन खिचड्या आल्या. चौथी काकींची, सुक्या जवळ्यासकट. तापात मी एवढी कधी जेवले नव्हते.

या उन्हाळ्याच्या तोंडावर मात्र पातेल्याच्या बुडाला भोक पडलं. त्याच सुमारास काकींचा खांदा धरला आणि डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली. त्यांचा मुलगा, बंडूदादा, घोडबंदरला टॉवरमध्ये राहतो. तो लगेच स्टीलचं मोठं पिंप घेऊन आला. खाली नळ असलेलं.

"आई, आता काही उचलायचं नाही. कोणाला हाका मारायच्या नाहीत. नळ सोडला की काम झालं."

काकींनी त्यात छत्र्या ठेवल्या.

"स्टीलमदी कैरी रुसते," त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी, "स्टीलचा आवाज डोक्यात जातो." तिसऱ्या दिवशी, "नल बघला का मना बाथरूमच आठवतं." मी फोनवर शोधून सांगितलं की आंबट पदार्थाला चांगलं स्टील चालतं.

"तुज्या फोननी कंदी पन्हा पिलाय?"

मग आम्ही दोघी एनॅमलच्या शोधात निघालो. जांभळी नाक्याच्या बाजारात एनॅमल म्हणजे फुलं काढलेले चहाचे मग. एका मुलाने काकींना सूपचा वाडगा दाखवला. काकींनी त्यालाही मिठी मारायचा प्रयत्न केला, निव्वळ त्याला लाजवायला. शेवटी कल्याणच्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून तीन पातेली काढून दिली. पहिलं नापास. दुसरं नापास. तिसऱ्याभोवती हात टाकले, तर दोन पंजांमध्ये वीतभर अंतर राहिलं. काकींचा चेहरा उजळला.

"हा! ह्याच!"

"काकी, हे लग्नकार्याचं," दुकानदार म्हणाले. "एकट्या बाईला हलणारसुद्धा नाही."

"म्हनून तं."

मी दुकानात सहसा बोलत नाही. पण त्यांचा खांदा माझ्या डोळ्यांसमोर होता. "काकी, ऐका ना. दादाचं पिंप चांगलं आहे. उचलायला नको. स्टील लगेच निवतं, कोणाला थांबायला नको."

काकींचे हात अजून पातेल्यावरच होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी त्यांचा हळू आवाज त्याआधी ऐकलाच नव्हता.

"म्हंजे मी बाटल्या भरनार. तुमी येनार, बाटली घेनार, थँक्यू बोलनार नि जानार." त्यांनी काठावरची धूळ पदराने पुसली. "मंग दुपारी माज्याकरं कोन?"

दुकानदार सुतळी शोधायला आत गेले. ते बाहेर आल्यावर मीच म्हटलं, "काका, हेच बांधा."

पुढच्या रविवारी नव्या पातेल्यात कैऱ्या शिजल्या. एका बाजूला मी होते. दुसरी बाजू रिकामी. सुट्टी लागल्यामुळे नेहमीची मंडळी गावी गेली होती. काकींनी तो कान धरायला फडकं उचललं.

"हात लावू नका," मी म्हटलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे एक नवी मुलगी राहायला आली होती. तिच्या दाराबाहेरच्या चपलांपलीकडे मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. बेलवर बोट ठेवून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग दाबली.

"खाली एक पातेलं उतरवायचंय. जरा येतेस?"

ती गोंधळली, पण आली. आम्ही दोघींनी पातेलं उतरवलं. तिने हात झटकले, घड्याळ पाहिलं आणि जिन्याकडे वळली. "झालं ना? निघू मी?"

काकी चुलीतली लाकडं मागे ओढत राहिल्या.

"नाही ना," मी म्हटलं. "निवेपर्यंत थांबावं लागतं. एनॅमल आहे. असं सोडून गेलं तर टवका उडतो."

तिने पातेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला होता. ती पायरीवर बसली.

काकी वळल्या. हात पदराला पुसत तिच्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "गाव कुठला गो तुजा?"