आत्याला टॅगसकट ड्रेस पाहिजे

आमची आत्या हळदीला आली ना, की आशीर्वाद वगैरे नंतर. आधी करवलीला विचारते, "माप काय गं तुझं? एल की एक्सएल?"

खरंच विचारते! मोठ्याने! मोरवा गावात चुलतबहिणीच्या हळदीत तिने अख्ख्या मांडवाला विचारलं. काकी भडकलीच. "मना न्हाय सांगाचा माझा माप! वजनकाटा पन आनलास का गो?" सगळे हसले. मी पाण्याच्या जारमागे उभी राहून मोबाइल बघायचं नाटक करत होते.

तर, आत्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. ज्या केसमध्ये पोलीस असतात ना, त्या तिच्याकडे. एखाद्या बाईवर जबरदस्ती झाली की तपासणी आत्या करते, आणि त्या बाईच्या अंगावरचे कपडे पुरावा म्हणून सील होतात. मग बाईने घरी काय घालून जायचं? हॉस्पिटलचा हिरवा गाऊन! म्हणून आत्याने भांडून तपासणीच्या खोलीत एक कपाट मिळवलंय. कपाट मिळालं, कपडे नाही. ते आम्ही द्यायचे. "टॅगसकट पाहिजे, उतरलेलं नको." कोणी जुनी नाइटी दिली की तिथल्या तिथे परत. "तू जाशील ही घालून, पोलिसांच्या गाडीतून उतरून, आपल्या बिल्डिंगमध्ये?"

आणि हे सगळं भर पंगतीत!

"आत्या प्लीज, लोक जेवतायत."

"मग कधी सांगू? जेवले की झोपतात सगळे."

इतकी लाज वाटते ना मला!

परवा सेलमधले कुर्ते द्यायला हॉस्पिटलमध्ये गेले. आत्याने पिशवीत डोकावून बघितलं. "सगळे मीडियम? बारीकच का देतात गं सगळे? कपाटातही तेच. आत बसलीय ती माझ्या मापाची आहे."

"मी बाजारातून आणते ना, पटकन!"

"सकाळपासून बसलीय, मीनल. घरी जायचंय तिला. अजून किती बसवू?"

आत गेली, दार लावलं. थोड्या वेळाने एक बाई आईचा हात धरून बाहेर आली. अंगात आत्याचा आंबा कलरचा कुर्ता, आत्याचीच सलवार. मी मान खाली घातली. कॉरिडॉरमध्ये केवढी गर्दी, पण एकानेही वळून बघितलं नाही. दोघी सरळ गेटबाहेर.

मग आत्या आली. हिरवा गाऊन, मागे नुसत्या नाड्या, खांद्याला पर्स. पांढरा कोट नेमका धुवायला टाकलेला. आता मात्र सगळे बघत होते. गेटबाहेर रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, डिस्चार्ज मिला, के भाग के आयी?" मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार.

ती नुसती रिक्षात शिरली. कोपऱ्यात अंग चोरून बसली, पाठीमागच्या गाठी चाचपत राहिली.

"मीनल," एकदम हळू म्हणाली, "मागून काही दिसत होतं का गं?"

"नाही गं आत्या."

मी ओढणी काढून तिच्यावर पसरली. आमचं सिल्व्हर पार्क येईपर्यंत तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.