पाणघोड्याच्या आत कोणी नसतं

पाणघोडा बोलला, आणि वेंडेल प्रुइटची नोकरी गेली.

बोलला म्हणजे त्याने काही भाषण ठोकलं नव्हतं. मुलांच्या करमणुकीच्या पार्कातली दुपारची मिरवणूक चालली होती. ऑरलँडोचं ते मेलं ऊन. मॉर्टी पाणघोडा पोट हलवत, दोन्ही हात पसरत मिरवणुकीच्या पुढे चालला होता, तेवढ्यात त्याच्या उघड्या जबड्यातून एक गांधीलमाशी आत शिरली आणि आतल्या वेंडेलच्या नाकाला कडकडून डसली. वेंडेल ओरडला, "आई गं, मेलो मेलो!" बस्स, एवढंच. पण त्या जबड्याला आवाज घुमवायची भारी खोड. पुढच्या रांगेतल्या पोरांनी भोकाड पसरलं. एका हौशी बापाने सगळं मोबाइलवर टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या अमेरिकेने मॉर्टीला 'मेलो मेलो' करताना पाहिलं.

आता पार्कचा पहिला नियम असा, की मॉर्टी बोलत नाही. आणि दुसरा नियम असा, की मॉर्टीच्या आत कोणी नसतं. तिथली माणसं आपसातसुद्धा "मी मॉर्टी आहे" म्हणत नाहीत, "मी मॉर्टीचा मित्र आहे" म्हणतात. भरतीच्या वेळीच तसं कबूल करून घेतात. वेंडेलने वीस-बावीस वर्षं हे नियम सोवळ्यासारखे पाळले होते. शेजारीपाजारी कोणी विचारलं तर "पार्कात असतो" एवढंच सांगायचा. त्याच्या सासूची तर मरेपर्यंत समजूत होती की जावई तिथे झाडू मारतो. तिने तो राग मनात घेऊनच डोळे मिटले, पण वेंडेलने तोंड उघडलं नाही. आणि शेवटी तोंड उघडलं ते एका माशीपायी!

"जाऊ दे रे," त्याची बायको लोरेन म्हणाली. "दुसरं काहीतरी बघ."

"दुसरं काय बघू? मला येतं काय? मान डोलवायची, पोट हलवायचं, मिठी मारायची. एवढ्या भांडवलावर मला दारात कोण उभं करणार आहे?"

"नाकाला बर्फ लाव आधी. भोपळा झालाय नुसता."

वेंडेलने बर्फ लावला. पण दुखत होतं ते नाक नव्हे. उद्या गुरुवार होता, आणि गुरुवारी तळ्याकाठच्या बाकावर टॉलिव्हर बाई यायच्या. वर्षभराचा पास काढून ठेवलेली म्हातारी. नवरा गेल्यापासून एक गुरुवार चुकला नव्हता. मॉर्टीला बाजूला बसवायची, त्याचा गुबगुबीत हात हातात घ्यायची आणि आठवड्याचं सगळं ओतायची: मुलाचा फोन नाही, गुडघा धरलाय, शेजारणीचं कुत्रं फुलझाडं उकरतंय. मॉर्टी खांद्यांसकट मान डोलवायचा. निघताना बाई त्याला घट्ट मिठी मारायच्या. दिवसभरात शेकडो मिठ्या व्हायच्या, पण वेंडेल आठवडाभर वाट बघायचा ती या एकीची. ती आता दुसऱ्याच कोणाला तरी मिळणार, या विचाराने त्याला रडूच आलं.

"मी भांडणार," तो म्हणाला. "मला माझा पाणघोडा परत पाहिजे."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वेंडेलला चढायची होती, पण पायरीच सापडेना. त्याने बक हॅव्हरकँप वकील गाठले. या वकिलांचा हसरा फोटो शहरातल्या प्रत्येक बसथांब्याच्या बाकावर छापलेला असल्यामुळे अख्खं गाव रोज त्यांच्या तोंडावर बसत असे. त्यांनी वेंडेलचा करार वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"प्रुइट, हे वाचून सही केली होती तुम्ही?"

"वाचत कोण बसतंय साहेब? मागे रांग होती."

"तुम्ही लिहून दिलंय की कोर्टात जाणार नाही. कंपनी नेमेल तो पंच, कंपनी म्हणेल ती जागा. पंच म्हणेल ती पूर्व, वर अपील नाही. जे होईल ते बाहेर सांगायचं नाही. आणि हे ऐका: कुठेही, कोणत्याही कारणाने, मॉर्टीच्या आत कोणी असतं असं म्हणायचं नाही."

"मग मी भांडू कशावर?"

"तीच तर गंमत आहे!"

"मला नाही हसू येत," वेंडेल म्हणाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

तरी हॅव्हरकँप हार मानणारे नव्हते. त्यांनी 'मॉर्टीच्या मित्राचा अर्ज' म्हणून अर्ज ठोकला. सुनावणी लागली ती कंपनीच्याच हॉटेलात, कंपनीच्याच खोलीत. टेबलावरची सँडविचेसही कंपनीचीच. एसी असा सोडलेला की दातावर दात आपटत होते. पंच म्हणून निवृत्त न्यायाधीश स्टबलफील्ड बसले होते, आणि कंपनीच्या बाजूने पेज लिंडक्विस्ट नावाची वकीलबाई. आवाज मधाळ, पण डोळे असे की समोरच्याने आपणहून खिसे रिकामे करावेत.

"आमच्या मॉर्टीला कोणीही काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो आत्ता या क्षणी खाली पोरांबरोबर नाचतोय."

"मग माझ्या अशिलाला का काढलं?" हॅव्हरकँप कडाडले.

"ते बोलले म्हणून."

"कुठे बोलले?"

"मिरवणुकीत."

"मिरवणुकीत तर मॉर्टी होता!"

"मॉर्टी बोलत नाही."

"म्हणजे मॉर्टीच्या आत हे होते, असंच ना?"

"मॉर्टीच्या आत कोणी नसतं," पेजबाई गोड हसून म्हणाल्या.

स्टबलफील्डसाहेबांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं. कंपनीकडून मानधन घेत असले तरी माणूस अगदीच वाईट नव्हता, आणि डोकं तर त्यालाही होतं. ते म्हणाले, "असं करू. बाहेरचा एखादा साक्षीदार आणा, ज्याचा ना कंपनीशी संबंध ना अर्जदाराशी. त्याने सांगितलं की पूर्वीचा मॉर्टी वेगळा आणि आताचा वेगळा, तर आतलं कोणीतरी बदललं असं मी धरीन. मग पुढचं बघू."

वेंडेल खुर्चीत ताठ झाला. असा साक्षीदार जगात एकच होता.

पण टॉलिव्हर बाईंना बोलवायचं तर सांगायचं काय? खटला गुपित, अर्जदार गुपित, पाणघोड्याचं तर सगळंच गुपित. शेवटी पेजबाईंनी एकेक शब्द तपासून निरोप पाठवला: 'मॉर्टीबद्दल थोडं विचारायचं आहे. कृपया यावे.' बस्स. वेंडेलला वाटत होतं, स्वतः जावं, बाईंचे पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं. "खबरदार!" हॅव्हरकँप म्हणाले. "एक शब्द बोललात तर खटला तिथेच बाद."

पुढची सुनावणी नेमकी पुढल्याच गुरुवारी पडली. टॉलिव्हर बाई उन्हाची मोठी टोपी घालून, हातात लिंबाच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचा डबा घेऊन आल्या. त्यांना बघून वेंडेलला इतकं भरून आलं की त्याने सवयीने खांद्यांसकट मान डोलवली. बाई दारातच थबकल्या. त्याच्या अजूनही सुजलेल्या नाकाकडे त्यांनी अंमळ निरखून पाहिलं, मग सूटबूटवाल्यांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात दार उघडून पेजबाई खुद्द मॉर्टीलाच घेऊन आल्या.

"साक्षीदाराला जरा धीर यावा म्हणून," त्या म्हणाल्या.

नवा मॉर्टी बाईंच्या शेजारी बसला. बसला तो चक्क पायावर पाय टाकून! वेंडेलच्या काळजात कळ आली. अरे गाढवा, पाणघोडा कधी पायावर पाय टाकून बसतो का? त्याचं पोट आड येतं! बावीस वर्षांच्या पुण्याईवर हा पोरगा पाणी ओततोय, आणि आपल्याला ब्र काढायची सोय नाही.

"मॅडम," हॅव्हरकँपनी विचारलं, "तुम्ही मॉर्टीला चांगलं ओळखता. हा तोच मॉर्टी आहे का? नीट बघून सांगा."

बाईंनी मॉर्टीचा हात हातात घेतला, दाबून पाहिला.

"तोच की," बाई म्हणाल्या. "दुसरा कोण असणार?"

"अहो, नीट बघा! परवा व्हिडिओत जो ओरडला..."

"ओरडला? काहीतरीच काय! मॉर्टी मुळी बोलतच नाही. इतक्या वर्षांत एक चकार शब्द काढला नाही बिचाऱ्याने. आणि आतबित कोणी नसतं हं. पाणघोडा आहे तो." एवढं बोलून बाईंनी पंचाकडे असं रोखून पाहिलं, की साहेबांनीच नजर वळवली.

हॅव्हरकँप धपकन खाली बसले. बसबाकावरचं त्यांचं ते हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

स्टबलफील्डसाहेबांना मात्र वेंडेलची दया आली. "प्रुइट," ते म्हणाले, "एक शेवटची संधी देतो. करारातलं ते गुपिताचं कलम मी या खोलीपुरतं उठवतो. या साक्षीदारासमोर फक्त 'हो' म्हणा. मिरवणुकीतल्या पाणघोड्यात तुम्ही होतात का? हो म्हणा, सुजलेलं नाक मला दिसतंयच. उद्या सकाळी कामावर जा."

पेजबाईंची हरकत येईल म्हणून हॅव्हरकँप तयारीत बसले होते. पण ती आलीच नाही. त्यांनी नुसती पेनाला टोपी लावली. या पार्कात माणसं कशी घडवतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

वेंडेल उभा राहिला. समोर त्याची अख्खी कमाई होती, फक्त एका शब्दाच्या अंतरावर. पण शेजारी टॉलिव्हर बाई बसल्या होत्या, दोन्ही हातांत मॉर्टीचा हात धरून. नवरा गेला, मुलगा फोन करत नाही, उरलाय तो एक पाणघोडा. 'हो' म्हटलं की तोही जाणार. बाईंना कळणार की इतके गुरुवार आपण मनातलं सगळं एका घामट, परक्या पुरुषाला सांगत होतो. लोरेन आठवली, नाकावरचा बर्फ आठवला.

"बोला," साहेब म्हणाले.

"मी..." वेंडेल म्हणाला, "मी त्याचा मित्र आहे, साहेब."

"संपलं!" पेजबाई म्हणाल्या. आणि खरोखरच संपलं. अर्जदाराने स्वतःच पाणघोडा असल्याचं नाकारलं, सबब अर्ज फेटाळला. साहेबांनी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं आणि कोणाकडे न बघता निघून गेले. हॅव्हरकँपनी वेंडेलच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर ऊन तसंच होतं. वेंडेल बसथांब्यावर गेला आणि हॅव्हरकँप वकिलांच्या हसऱ्या तोंडावर बसला. घरी जाऊन सांगायचं काय? सांगायचीसुद्धा बंदीच होती.

शेजारी कोणीतरी टेकलं. टॉलिव्हर बाई.

"नाकाला काय झालं रे?"

"माशी चावली, मॅडम."

"वाटलंच मला. त्या व्हिडिओत तूच होतास. आणि पाणघोड्याच्या अंगाला पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येतो का रे कधी? मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं आत कोणीतरी बाप्या आहे ते. आज आत शिरले तर तू मान डोलवलीस. म्हटलं, हाच तो!"

वेंडेलचं तोंड उघडंच राहिलं. "मग... मग तिथे खोटं का बोललात?"

"अरे, खोटं नको बोलू तर काय करू! एवढे सूटवाले बसलेले, तू असा कोपऱ्यात तोंड पाडून. निरोपात धड काही लिहिलेलं नाही. म्हटलं, गरिबाला अडकवायला बसलेत मेले. मी म्हणाले आत माणूस आहे, तर याची नोकरी जायची!"

"ती तर गेलीच होती! परत मिळवायलाच बसलो होतो!"

"अगं बाई!" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम उसळल्या, "आणि तू रे? तो साहेब एवढा गळ्यात पडून सांगत होता, हो म्हण, हो म्हण. तुझी का दातखीळ बसली होती?"

"मला वाटलं, तुमचं मन मोडेल."

"माझं? ऐंशी उलटली माझी. नवऱ्याला माती दिलीय मी. पाणघोड्यात माणूस निघाला म्हणून मी काय जीव देणार होते?"

वर अपील नव्हतं. पार्कातून मिरवणुकीचा बाजा ऐकू येत होता, आणि तिकडे तो पोरगा चुकीच्या पायावर नाचत असणार, हे वेंडेलला बसल्या जागी कळत होतं.

बाईंनी डबा उघडला. त्या गोड 'पाय'चा मोठा तुकडा त्याच्या हातात दिला आणि त्याचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. तो गुबगुबीत नव्हता, नुसताच हाडकुळा आणि घामट होता, पण त्यांनी सोडला नाही. "आज गुरुवार आहे," त्या म्हणाल्या. "आज तू बोल. इतकी वर्षं ऐकलंस माझं. आता कोण अडवतंय तुला?"

वेंडेलने तोंड उघडलं, आणि धरणच फुटलं. बावीस वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं: कंपनी, करार, मागची रांग, सासू, आतला उकाडा, खोलीतला गारठा, पंच, पायावर पाय टाकणारा तो गाढव. एक बस आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. कलमांचे अर्थ सांगून झाल्यावर तो पोटकलमांकडे वळला, तेव्हा टॉलिव्हर बाईंनी हळूच त्याचा हात थोपटला.

"बाळा, रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या, "पण तू बोलत नव्हतास तेच बरं होतं."

वेंडेल गप्प झाला. बाईंनी टोपी सारखी केली आणि शेजारणीच्या कुत्र्याने या आठवड्यात काय काय उकरलं ते सांगायला सुरुवात केली. वेंडेलने ऐकता ऐकता खांद्यांसकट मान डोलवली.